कापड उलटं करून बघा: वस्त्रकलाकाराच्या कामाचं विश्लेषण पहिल्यांदाच लिहिणाऱ्यांसाठी

चाळिशी ओलांडल्यावर मी नवी मुंबईत टेक्स्टाईल डिझाईनच्या संध्याकाळच्या कोर्सला नाव घातलं. घरी भरतकामाच्या ऑर्डरी घेत होतेच, त्यामुळे हाताला टाका माहीत होता. लिहायची सवय मात्र बारावीनंतर सुटलेली. दुसऱ्याच महिन्यात काम मिळालं: कोणत्याही एका वस्त्रकलाकाराच्या कामाचं संकल्पनाच्या (म्हणजे डिझाईनच्या) मूलघटकांच्या, म्हणजे रेषा, आकार, रंग, पोत वगैरेंच्या आधारे विश्लेषण करा. ठाणे-वाशी लोकलमध्ये खिडकीशी बसून मी बारा पानं भरली. विल्यम मॉरिस हा एकोणिसाव्या शतकातला इंग्रज नक्षीकार निवडला होता. त्याचा जन्म, त्याचं घर, त्याचे मित्र, त्याचं निसर्गप्रेम, आणि शेवटी 'रंगसंगती अतिशय मनमोहक आहे'. बाईंनी वही परत केली तेव्हा शेवटच्या पानावर पेन्सिलीनं एवढंच लिहिलं होतं: 'मॉरिस भेटला. कापड कुठे आहे?'

ती ओळ नीट कळायला मला दोन महिने लागले. कागदावरच्या चित्रात रेषा एकदाच जन्माला येते, चित्रकाराच्या हातून. कापडात ती दोनदा जन्मते. आधी आराखड्यात, आणि मग माग, ठसा किंवा सुई तिला जमेल तशी घडवते तेव्हा. रंगाचं तेच, पोताचं तर त्याहून जास्त. कलाकारानं काय ठरवलं आणि कापडानं त्याला काय करू दिलं, हे दोन्ही वेगवेगळं सांगता आलं की विश्लेषण जमलं असं समजा. नंतर आलेल्या बऱ्याच जणींना मी हे तोंडी सांगत आले. आता एकदाचं लिहून टाकते.

सोबत काय हवं

- भिंग. कापडबाजारात 'पिक ग्लास' नावाचं घडीचं छोटं भिंग मिळतं. त्याच्या चौकटीत एका इंचात किती धागे आहेत ते मोजता येतं. ते नसेल तर साधं भिंग आणि फूटपट्टी चालेल.
- ट्रेसिंग पेपर, २बी पेन्सिल, मापाची टेप.
- पांढरा कार्डपेपर, मधोमध एक इंचाची चौकोनी खिडकी कापलेला. फुकटात होणारं आणि सगळ्यात कामाचं साधन हेच.
- भरतकामाच्या दोऱ्यांचं शेडकार्ड. ठाण्यात जांभळी नाक्यावर दोऱ्यांच्या दुकानात विचारा. नाहीच मिळालं तर घरातल्या लडी बाहेर काढा.
- फोन, आणि त्यात कृष्णधवल फोटोची सोय.
- संग्रहालयात जाणार असाल तर ओळखपत्र. फोटो काढायला परवानगी आहे का, तिकीट वेगळं आहे का, हे आत शिरतानाच विचारून घ्या. पेन बहुतेक ठिकाणी चालत नाही, पेन्सिल चालते.

१. कलाकार नंतर, आधी एक कापड निवडा

'मॉरिसच्या कलेचं विश्लेषण' हा विषय नाही, ते आयुष्यभराचं काम आहे. एकच कापड घ्या. मी दुसऱ्या खेपेला त्याचं 'स्ट्रॉबेरी थीफ' घेतलं, १८८३ सालचं छापील सुती कापड. खाली उदाहरणं मी त्याचीच देणार आहे आणि जोडीला आपल्या पैठणीची. कारण एक छापलेलं, एक विणलेलं. दोन्ही शेजारी ठेवली की गोष्टी पटकन उमजतात.

दुसरे पर्यायही भरपूर आहेत. जर्मनीत बाऊहाऊस या कलाशाळेत विणकाम शिकलेल्या ॲनी अल्बर्स (१८९९–१९९४) घ्या. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं १९४९ मध्ये त्यांचं एकटीचं प्रदर्शन भरवलं होतं आणि असा मान मिळालेल्या त्या पहिल्या वस्त्रकलाकार. मुंबईत जन्मलेल्या मृणालिनी मुखर्जी (१९४९–२०१५) घ्या, त्यांच्याबद्दल पुढे येईलच. किंवा सरळ आजीची गोधडी घ्या, शिक्षक मान्य करत असतील तर. निवडीची कसोटी एकच: ते कापड प्रत्यक्ष किंवा निदान धागे दिसतील इतक्या मोठ्या फोटोत बघायला मिळालं पाहिजे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या संकेतस्थळावर 'स्ट्रॉबेरी थीफ'चे चांगले मोठे फोटो आहेत.

सापळा: भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचं जुनं नावही व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम असंच होतं. आमच्यातली एक जण मॉरिसचं कापड शोधत रविवारी भायखळ्याला उतरली होती. संग्रहालय बघून खूश होऊन आली, पण कापड लंडनलाच.

२. पाटी उतरवून घ्या

संग्रहालयात कलाकृतीशेजारी जी छोटी पाटी असते तिचा फोटो आधी काढा. नाव, साल, साहित्य, तंत्र, माप, संग्रह: या सहा गोष्टी वहीच्या पहिल्या पानावर. यातलं 'तंत्र' आणि 'माप' मुलं सर्रास गाळतात, आणि पुढच्या सगळ्या चुका तिथूनच सुरू होतात. फोनच्या पडद्यावर गालिचा आणि हातरुमाल एकाच मापाचे दिसतात. म्हणून माप कळल्यावर ते जमिनीवर खडूनं आखून बघा. हसू नका, मी आमच्या चाळीच्या गॅलरीत आखलं होतं.

हयात कलाकाराचं काम घेतलं असेल तर फोटो वापरायला आणि बोलणं नोंदवायला त्यांची लेखी परवानगी घ्या. व्हॉट्सॲपवरचा 'हो' सुद्धा जपून ठेवा.

३. पहिली वीस मिनिटं विशेषण बंद

सुंदर, मोहक, पारंपरिक, समृद्ध, नाजूक हे शब्द वीस मिनिटं वापरायचे नाहीत. फक्त जे दिसतं ते, आणि शक्य तिथे मोजून. 'चार पक्षी. दोन-दोनच्या जोड्या. एका जोडीच्या चोचीत फळ, दुसरीची चोच उघडी. मधून उभी एक अदृश्य रेघ, तिच्या डावीकडे जे आहे तेच उजवीकडे, आरशातल्यासारखं. पार्श्वभूमी गडद निळी. फळं लाल.' असं. कंटाळा येतो. दहाव्या मिनिटाला वाटतं, झालं सगळं. पुढच्या दहा मिनिटांत जे दिसतं तेच खरं तुमचं, कारण पहिली दहा मिनिटं सगळ्यांचं सारखंच असतं. पक्ष्यांच्या पोटावरचे ठिपके मला अठराव्या मिनिटाला दिसले.

चित्रकलेची एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेली असेल तर रेषा, आकार, रंग, छटा, पोत, अवकाश हे शब्द तुमच्या ओळखीचे आहेत. दिलेली नसेल तरी बिघडत नाही.

४. रेषा: कोणी काढली ते विचारा

इथे जरा थांबा, कारण ही पायरी जमली की बाकीच्या आपोआप जमतात.

प्रत्येक रेषेला तीन प्रश्न. कुठून कुठे जाते? जाडी बदलते का? आणि ती कशाची बनलेली आहे? तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही. भरतकामात धावदोऱ्याची रेषा तुटक असते, साखळी टाक्याची सलग आणि थोडी उठावदार. दोन्ही ट्रेस केल्या तर कागदावर एकच वळण दिसेल, पण कापडावर एक कुजबुजते आणि दुसरी ठणकावून बोलते.

विणलेल्या कापडात तर रेषेवर मागाचंच राज्य. ताणा उभा, बाणा आडवा. त्यामुळे उभी आणि आडवी रेषा स्वस्त, तिरपी महाग आणि गोलाई सगळ्यात महाग. हे मला पुस्तकातून कळलं नाही. बेलापूरला सिडकोचं अर्बन हाट आहे, तिथे अधूनमधून हातमागवाले येतात (ठाण्याहून पनवेल लोकल पकडली की थेट बेलापूर, जायच्या आधी प्रदर्शन चालू आहे ना ते बघून घ्या). तिथे येवल्याच्या एका विणकरापाशी मी पैठणीच्या पदरावरचा मोर भिंगातून बघत बसले होते. ते थोडा वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "ताई, पदर उलटा करा. पुढनं सगळेच बघतात."

उलटा केला तर मागेही मोरच, जवळजवळ तसाच. त्यांनी नखानं मोराच्या मानेची कड दाखवली. "इथं हिरवी कांडी मागं वळली. इथं लाल तिला अडकली. वळण काढायचं तर एकेक तार सरकत जायचं." भिंग लावलं तेव्हा दिसलं की लांबून जी मान एका झोकात वळलेली वाटते ती मुळात जिना आहे. बोटभर लांबीत मी नऊ पायऱ्या मोजल्या. प्रत्येक रंगाची कांडी, म्हणजे धागा गुंडाळलेली छोटी नळी, वेगळी, ती आपल्या हद्दीपर्यंत जाते, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकते आणि परत फिरते. म्हणून मागे लोंबणारे धागे नाहीत, आणि म्हणूनच कडेला पायऱ्या.

आता 'स्ट्रॉबेरी थीफ'कडे या. तिथे वेल कुठेही, कशीही वळते. पायऱ्या नाहीत. का? कारण ते ठशांनी छापलेलं आहे आणि लाकडी ठशाला ताण्या-बाण्याशी काही देणंघेणं नाही. 'मॉरिसच्या रेषा प्रवाही आहेत' हे वाक्य मी पहिल्या खेपेला लिहिलं होतं. दुसऱ्या खेपेला लिहिलं: 'छपाईमुळे रेषेला मागाची चौकट पाळावी लागत नाही; ही मोकळीक मॉरिस वेलींच्या सलग वळणांसाठी पुरेपूर वापरतो.' फरक दिसला ना?

सापळा: जॅकार्डवर (नक्षीचे धागे यंत्रणेनं उचलणाऱ्या मागावर) विणलेली पैठणी पुढून हातमागाच्या पैठणीसारखीच दिसते. मागे बघितलं की मोकळे सुटलेले किंवा कातरलेले धागे दिसतात. ती वाईट असं नाही, पण रेषेचं विश्लेषण बदलतं. उलटी बाजू बघितल्याशिवाय तंत्र लिहू नका.

५. आकार आणि घनरूप

आकार दोन गटांत लावा: भौमितिक आणि निसर्गातले. पैठणीच्या काठावरची नारळी भौमितिकाकडे झुकते, पदरावरची आसावली निसर्गाकडे. मग विचारा, निसर्गातला आकार किती बदलला आहे? मॉरिसचा पक्षी बघून तो थ्रश आहे हे इंग्रज माणूस सांगू शकतो. मोराचं पैठणीत चिन्ह होतं, त्याची जात विचारायची सोय राहत नाही. दोन्ही निर्णयच आहेत, एक 'हुबेहूब' आणि दुसरा 'कच्चा' असं नाही.

घनरूप, म्हणजे लांबी-रुंदीला खोलीची जोड, बहुतेक कापडांत नसतंच. नसेल तर नाही असं लिहा आणि पुढे चला. मारूनमुटकून भरू नका. असलेलं बघायचं असेल तर मृणालिनी मुखर्जींची कामं बघा. त्यांनी अंबाडीसारख्या जाड दोराला गाठी मारत मारत माणसाहून मोठ्या आकृती उभ्या केल्या, 'वनश्री' हे त्यातलंच एक. तिथे कापड भिंतीवरून उतरून खोलीत उभं राहतं आणि तुम्हाला त्याच्याभोवती फिरावं लागतं.

६. रंग: नाव सांगू नका, नंबर सांगा

'मरून' म्हणजे नेमकं काय, यावर आमच्या वर्गात अर्धा तास भांडण झालं होतं. म्हणून शेडकार्ड. खिडकीचा कागद कापडावर ठेवा, खिडकीत एकच रंग येईल असा सरकवा आणि त्याच्याशी जुळणारा दोरा शोधून त्याचा नंबर लिहा. कागदाची खिडकी का, तर शेजारचा रंग डोळ्याला फसवतो.

ही फसवणूक पहिल्यांदा शास्त्रात आणली तीही कापडामुळेच. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात भिंतीवर टांगायचे चित्रमय पडदे (टॅपेस्ट्री) विणले जात. तिथल्या रंगखात्याचे प्रमुख होते रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल. काळा धागा फिका पडतो अशी त्यांच्याकडे तक्रार आली. त्यांनी रंग तपासला तर तो ठीक होता. काळ्याशेजारी निळे-जांभळे धागे विणले की डोळ्यालाच काळा निस्तेज वाटे. त्यावरचे त्यांचे निष्कर्ष १८३९ मध्ये छापून आले. तेव्हा तुमच्या कापडात एकच लाल दोन ठिकाणी वेगळा दिसला तर लगेच 'दोन लाल' लिहू नका. खिडकी लावून बघा.

विणलेल्या कापडात आणखी एक गंमत. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्याचा असेल तर तिसराच रंग दिसतो आणि कापड हलवलं की तो बदलतो. साडीच्या दुकानात याला धूपछाव म्हणतात. ठाण्याच्या राम मारुती रोडवर कोणत्याही मोठ्या दुकानात धूपछाव मागा, दाखवतील. फक्त दिवाळीच्या आठवड्यात जाऊ नका. अशा कापडाचा 'रंग' एक नंबर देऊन सांगता येत नाही. ताण्याचा नंबर, बाण्याचा नंबर आणि लांबून दिसणारा मिश्र रंग, असे तिन्ही लिहा.

छापील कापडात रंगाचा क्रम शोधा. 'स्ट्रॉबेरी थीफ'मध्ये निळ्या पार्श्वभूमीवर बाकीचे रंग छापलेत असं मला आधी वाटलं. उलटं आहे. अख्खं कापड आधी निळीत बुडवून गडद निळं केलं. मग जिथे पांढरा किंवा फिका निळा हवा तिथे ठशानं रंग उडवणारं रसायन लावून निळा काढून टाकला. त्यानंतर त्या मोकळ्या जागांत ॲलिझरिन या रंगद्रव्याचा लाल आणि वेल्ड नावाच्या युरोपी झाडाचा पिवळा आला. फिक्या निळ्यावर पिवळा चढला तिथे हिरवा झाला. या पद्धतीत लाल-पिवळ्याची भर घातलेलं मॉरिसचं हे पहिलं कापड. पुरं व्हायला कित्येक दिवस लागत, आणि साहजिकच ते महागही होतं. त्याआधी थॉमस वॉर्डल या रंगाऱ्याकडे मॉरिस स्वतः निळीच्या पिंपाशी राबला होता, हात निळे होईपर्यंत.

हे कळल्यावर रंगाबद्दलचं माझं वाक्यच बदललं. निळा ही मागची भिंत नाही. तो सगळ्यांच्या आधी आला, आणि पानांच्या हिरव्यात अजूनही आहे. म्हणून एवढे रंग असूनही कापड भडक वाटत नाही. हे माझं मत आहे, पण त्याला कापडातला पुरावा आहे. मत मांडायला घाबरू नका, पुराव्याशिवाय मांडू नका.

सापळा: संग्रहालयात जुनी कापडं मुद्दाम मंद उजेडात ठेवतात, साधारण ५० लक्समध्ये (लक्स म्हणजे उजेडाचं माप), कारण प्रकाशानं रंग उडतात. फोर्टच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जुनी वस्त्रं बघाल तेव्हा हे लक्षात ठेवा. तिथे दिसलेला रंग 'मूळ रंग' म्हणून लिहू नका, आणि फोनचा फोटो तर अजिबात प्रमाण धरू नका. फोन अंधार दिसला की आपल्या मनानं उजेड वाढवतो.

७. छटा

इथे काम दोन मिनिटांचं. फोटो कृष्णधवल करा. आता काय उरलं ते बघा. माझ्या आईच्या हिरव्या इरकलीचा लाल काठ कृष्णधवल फोटोत जवळजवळ गायब झाला! लाल आणि हिरवा रंग म्हणून एकमेकांविरुद्ध उभे, पण उजेड-अंधाराच्या मापात सारखेच गडद. अशा कापडात विरोध रंगाचा असतो, छटेचा नसतो. दोन्ही बाबतींत विरोध असेल तर नक्षी लांबूनही वाचता येते.

८. पोत

पोत दोन प्रकारचा: हाताला लागणारा आणि नुसताच डोळ्याला भासणारा. मॉरिसच्या पक्ष्याच्या पोटावरचे ठिपके पिसांचा भास देतात, पण बोट फिरवलं तर ते सपाट सुती कापडच. गोधडीत उलट. जुनी लुगडी एकावर एक ठेवून धावदोरा घातला की टाक्यांच्या मधलं कापड फुगतं, धुतल्यावर आणखी चुणतं आणि सगळ्या पृष्ठभागावर बारीक लाटा उठतात. त्या लाटा कोणी आखलेल्या नसतात. धावदोऱ्याच्या ओळी किती जवळ घ्यायच्या एवढंच बाई ठरवते. बाकीचं दोरा, कापड आणि धुणं करतं.

हात लावायला मिळत नसेल तर बाजूनं उजेड पडतोय अशा जागी उभे राहा. समोरून मारलेला उजेड पोत पुसून टाकतो, तिरका उजेड तो उठवतो. जरीचंही तसंच. जरतार रंगात धरायची की पोतात, असा प्रश्न दरवर्षी येतो. मी दोन्हीकडे धरते आणि तसं लिहिते. एका परीक्षकांना ते पटलं नव्हतं, गुण कापले. मी अजून तेच करते.

९. अवकाश आणि रिपीट

नक्षीच्या मधली मोकळी जागा हाही घटक आहे, हे नवख्यांच्या ध्यानातच येत नाही. ट्रेसिंग पेपरवर या वेळी नक्षी काढू नका, मधल्या मोकळ्या जागाच काळ्या करा. पैठणीच्या अंगावर बुट्ट्या दूरदूर, पदरावर दाटी: म्हणजे साडी एका टोकाला शांत आणि दुसऱ्या टोकाला गजबजलेली. 'स्ट्रॉबेरी थीफ'मध्ये काळं करायला फारसं काही मिळतच नाही. पक्षी, फळं, वेल, आणि त्यांच्यामागे आणखी पानं-फुलं. डोळ्याला टेकायला जागा नाही.

मग रिपीट शोधा. एक खूण पकडा, समजा डावीकडच्या पक्ष्याची चोच. उजवीकडे सरकत तीच चोच पुन्हा भेटते तिथवर मोजा. खाली सरकत तसंच. एवढा चौकोन म्हणजे एक रिपीट. शेजारचा रिपीट सरळ बसतो, अर्धा खाली घसरून बसतो की आरशासारखा उलटतो, ते लिहा. चार झेरॉक्स काढून टेबलावर जुळवून बघितलं तर चूक होत नाही. बुट्टी म्हणजे रिपीट नव्हे: एका रिपीटमध्ये पाच बुट्ट्याही असू शकतात.

आणि आता ज्या गोष्टीसाठी मी स्वतःवर अजून चिडते ती: कापड सपाट राहत नाही. 'स्ट्रॉबेरी थीफ' पडद्यांसाठी, भिंतीवर सोडण्यासाठी, खुर्च्यांच्या खोळींसाठी होतं. पडद्याच्या चुण्यांत अर्धे पक्षी आत जाणार. साडीच्या निऱ्यांत सहावारीचा मोठा भाग गडप होतो, काठ पायाशी गोल फिरतो, आणि पदर बघणाऱ्याला मिळतो, नेसणारीला नाही. पदरावर सगळ्यात जास्त मेहनत का, याचं उत्तर पदर टेबलावर पसरून मिळत नाही. कोणाला तरी साडी नेसवा, दहा पावलं मागे जा आणि मगच अवकाशावर लिहा. पुतणीनं माझ्यासाठी दुपारभर हे केलं, बदल्यात पाणीपुरी घेतली.

१०. घटकांना तत्त्वांशी जोडा

घटक म्हणजे सामान, तत्त्वं म्हणजे त्या सामानाची मांडणी: तोल, लय, प्रमाण, विरोध, भर, एकता. पहिल्या वर्षी सगळे या दोन याद्यांची खिचडी करतात आणि 'लय हा घटक आहे' असं लिहून मोकळे होतात. सोपा उपाय: प्रत्येक वाक्यात एक घटक, एक तंत्र आणि एक तत्त्व यायला हवं. 'आरशासारख्या रिपीटमुळे (तंत्र) पक्ष्यांचे आकार (घटक) मधल्या अक्षाभोवती तोल (तत्त्व) साधतात.' लिहून झाल्यावर कंस काढून टाका. अशी आठ-दहा वाक्यं झाली की तुमचा गाभा तयार. सगळी तत्त्वं वापरलीच पाहिजेत असं नाही. मी 'प्रमाण' सोडून दिलं होतं, कोणी विचारलं नाही.

११. आता चरित्र, तेही मोजून

आता कलाकाराबद्दल वाचा. चरित्रातली तीच गोष्ट घ्या जी कापडात दाखवता येते. मॉरिसच्या ऑक्सफर्डशायरमधल्या केल्मस्कॉट मॅनर या घराच्या परसात थ्रश पक्षी स्ट्रॉबेऱ्या चोरत. हे घ्या, कारण चोचीतलं फळ समोर आहे. १८८१ मध्ये त्यानं मर्टन ॲबी इथे कारखाना हलवला आणि निळीचं हे काम तिथे झालं. हेही घ्या. त्याच्या राजकारणावर दोन पानं लिहायचा मोह होईल. कापडात बोट ठेवून दाखवता येत नसेल तर राहू द्या. प्रभाकर बरव्यांवर कोणी लिहिणार असेल तर त्यांनी वीव्हर्स सर्व्हिस सेंटर या हातमागासाठीच्या सरकारी केंद्रात केलेलं काम जरूर बघा. चित्रकार म्हणून ओळखलेल्या माणसाचा हा धाग्याशी आलेला संबंध बऱ्याच जणांना माहीत नसतो.

प्रतीकांबाबतही हेच. 'मोर म्हणजे समृद्धी, कमळ म्हणजे पावित्र्य' ही वाक्यं कोणत्याही साडीला लागू पडतात, म्हणून ती तुमच्या साडीबद्दल काहीच सांगत नाहीत.

१२. लिहा, छापा

लिहायला शांत जागा नसेल तर ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९३ पासूनचं. मी माझी दुसरी प्रत तिथे लिहिली. पंधराशे शब्द पुरतात. क्रम असा ठेवा: पाटी, वर्णन, घटक (जे बोलके आहेत ते सविस्तर, बाकीचे एकेका ओळीत), तत्त्वं, चरित्र, आणि तुमचं मत. प्रत्येक फोटोखाली पुढची बाजू की मागची, आणि किती पट मोठा केला आहे, ते लिहा.

शेवटची अडचण छपाईची. स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्यांकडे मी रंगीत प्रत काढली तर निळीचा चक्क जांभळा झाला. दुसरीकडे काढली, तर हिरवट. तिसऱ्यांदा पैसे घालवले नाहीत. साधी कृष्णधवल प्रत काढली, समासात प्रत्येक रंगाशेजारी सुईनं दोन छिद्रं पाडली आणि शेडकार्डवरून जुळवलेल्या दोऱ्याचा बोटभर तुकडा त्यांतून ओवून मागे गाठ मारली. बाईंनी वही हातात घेतली आणि वाचायच्या आधी पान उलटून गाठी बघितल्या.